सहकार, शेप्या आणि केसर

अमरकोशात आंब्याला चूत, रसाल अशी नावं आहेत. एक नाव मात्र अतिशय सुवासिक आंब्यासाठी राखून ठेवलेलं आहे: सहकार. महाराष्ट्रात हा शब्द कानावर पडला की साखर कारखान्याचं धुराडं आणि पतसंस्थेची पाटी डोळ्यांपुढे येते, त्याला इलाज नाही. पण गंमत अशी की आंब्याआंब्यांत भेद करताना कोशकाराने रंग पाहिला नाही, आकार पाहिला नाही, गोडीसुद्धा चाखली नाही. नाकावर भरवसा ठेवला.

माझ्या आजोळी संस्कृत कोणालाच येत नव्हतं, तरी रीत तीच होती. विहिरीवरच्या झाडाला शेप्या म्हणत, कारण त्याच्या आंब्याला शेपूचा वास. बांधावरचा खोबऱ्या, ओढ्याकाठचा साखऱ्या. शेंदऱ्या रंगावरून, गोट्या आकारावरून, आणि एका बिचाऱ्याला नुसतंच आंबट्या. त्याची रवानगी लोणच्यात ठरलेली. शेप्या मिटक्या मारत खाणारे आणि त्याचं नाव काढताच तोंड वाकडं करणारे, असे घरात दोन तट. मी पहिल्या तटातला.

या पुस्तकाचे लेखक गेल्या मे महिन्यात हस्तलिखित घेऊन आले, तेव्हा सोबत पाटीभर आंबे होते. मला डोळे मिटायला लावून त्यांनी एकेक फळ नाकाशी धरलं. सातांपैकी तीन मी ओळखली. शेप्या त्यांत नव्हता. ‘सापडला नाही,’ एवढंच ते म्हणाले. प्रस्तावना लिहायचं मी तिथेच कबूल केलं.

या विषयात नव्याने शिरणाऱ्याने आधी एक भेद पक्का समजून घ्यावा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. आंबा दोन वाटांनी येतो: कोयीतून किंवा कलमातून. कोयीतून आलेला तो रायवळ, आपला गावरान. निजामाच्या राज्यात याच भेदाला उर्दूतले दोन शब्द होते, तुख्मी आणि कलमी. जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून ऐकू येतात. आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो दोन झाडांच्या संकरातून झालेला असतो. म्हणून हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही. जे येतं ते त्याचं स्वतःचं असतं. आग्नेय आशियातल्या पुष्कळ जातींचं तसं नाही. तिथे एका कोयीतून अनेक कोंब फुटतात आणि त्यांतले बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात. आपल्याकडे मात्र प्रत्येक रायवळ झाड ही जगात एकदाच झालेली गोष्ट आहे. ते पडलं की त्याची जात संपली.

कलमी आंब्याचं नेमकं उलटं. लंगडा, दशहरी, हापूस, केसर ही मुळात एकेकच झाडं. कोणाला तरी एका झाडाचं फळ आवडलं, त्याची काडी दुसऱ्या रोपावर बांधली गेली, मग त्या झाडाच्या काड्या आणखी हजार रोपांवर. लखनौकडे काकोरीजवळच्या दशहरी गावात मूळ दशहरी आजही दाखवतात. एक केसर आणि लाख केसर यांत फरक फक्त मोजणीचा.

या शहराच्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात आंबा किती जुना, हे विचारणाऱ्याने वेरूळला जावं. ३२ व्या लेण्यात, ज्याला आपण इंद्रसभा म्हणतो, सिंहावर बसलेली अंबिका आहे आणि तिच्या डोक्यावर फळांनी लगडलेलं आंब्याचं झाड कोरलेलं आहे. पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या गाथांच्या संग्रहात मोहोर जागोजागी दरवळतो. म्हणजे गोदाकाठच्या माणसाने आंब्याची दखल आधी फुलात आणि मग दगडात घेतली. कलम फार पुढे आलं.

कलमाची कथा मुघल आणि पोर्तुगीज या दोन दारांनी येते. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात पाद्र्यांनी निवडक झाडांची कलमं बांधली. हापूस, मानकुराद, मुसराद ही नावं त्याच भट्टीतून निघाली. उत्तरेत बादशाही बागा झाल्या. २०२३ पर्यंत हे शहर ज्याच्या नावाने ओळखलं जात होतं, त्या औरंगजेबाचा आंब्याशी आलेला एक प्रसंग त्याच्या पत्रांतून कळतो. मुलाने आंबे पाठवले आणि त्यांना नावं सुचवा म्हणून विनवलं. बादशहाने नावं दिली ती चक्क संस्कृत: सुधारस आणि रसनाविलास. दोन्ही नावं जिभेची आहेत, नाकाचं एकही नाही, एवढी तक्रार मी नोंदवून ठेवतो.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि डोंगरातलं पाणी नहरीने शहरात खेळवलं. त्या पाण्यावर बागा फुलल्या. दिल्ली दरवाजाजवळची सुमारे तीनशे एकरांची हिमायत बाग हा त्या वैभवाचा उरलेला हिरवा तुकडा. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे, जुन्या आंब्यांची दाट सावली आहे, आणि उन्हाळ्यात पिशवी घेऊन येणारे शहरवासी आहेत. मोहोराच्या दिवसांत सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्यांना सहकार या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

आता केसर. ज्याला आपण अभिमानाने मराठवाड्याचा म्हणतो, तो इथला नाही, आणि ते सांगायला लाजायचं कारण नाही. सौराष्ट्रात जुनागडजवळ वंथळी इथे सालेभाई नावाच्या वजिराच्या बागेत हा आंबा वाढला. त्याला सालेभाईची आंबडी म्हणत. १९३१ च्या सुमारास त्याची पंचाहत्तर कलमं गिरनारच्या पायथ्याशी लाल ढोरीच्या मळ्यात लावली गेली. १९३४ मध्ये नवाब मोहम्मद महाबतखान तिसरे यांनी कापलेल्या फळाचा रंग पाहिला आणि म्हणाले, हा तर केसर. जन्मगावापासून येऊन मराठवाडाभर पसरायला त्याला काही दशकं लागली. फळबाग लागवडीला १९९० मध्ये रोजगार हमी योजनेची जोड मिळाली, कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात खड्डे आणि रोपांसाठी पैसे आले, आणि पैठण, फुलंब्री, जालना, अंबाजोगाई, भूम, लातूर अशा पट्ट्यात केसर पसरत गेला. कोकणातला हापूस घाटावरच्या कोरड्या उन्हात रमत नाही. केसर रमला.

तो का रमला आणि का आवडला, याचं उत्तर फळातच आहे. वजन पाव किलोच्या आसपास, बांधा लांबट, टोकाला किंचित चोच. पिकल्यावरही सालीत हिरवट झाक राहते, त्यामुळे हापूसच्या सवयीचं गिऱ्हाईक तो कच्चा समजून खाली ठेवतं आणि फसतं. आतला गर मात्र नावाला जागणारा. धागा नाही. हापूसला ग्रासणारा साका, म्हणजे पिकताना गरात पडणारा पांढरट आंबट पट्टा, याला होत नाही. बागायतदाराच्या दृष्टीने हा गुण बाकी सगळ्यांवर मात करणारा. रस घट्ट होतो, पाणी सुटत नाही. आणि वास? हापूसचा वास भारदस्त, मानकऱ्यासारखा. तो आला की बाकीचे गप्प बसतात. केसरचा वास मधाळ आहे, पण मधाच्या मागे लिंबाच्या सालीची पुसटशी तरतरी आहे. कपाटात ठेवलेले चार आंबे तिसऱ्या दिवशी घरभर स्वतःची वर्दी देतात.

वासाचं शास्त्र थोडक्यात असं. देठ मोडताच उडणाऱ्या चिकाला जो झणझणीत वास असतो, तो टर्पीन नावाच्या द्रव्यांचा. कैरीत त्यांचंच राज्य. फळ पिकू लागलं की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही दोन कुळं पुढे येतात. पहिल्यातल्या काहींना खोबऱ्यासारखा वास असतो, दुसऱ्यांना तापवलेल्या साखरेसारखा. खोबऱ्या आणि साखऱ्या ही नावं ठेवणाऱ्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण त्यांचं नाक फारसं चुकलं नव्हतं. शेपूच्या भाजीचा वासही टर्पिनांचाच, तेव्हा शेप्याचं बारसंही बरोबरच म्हणायचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासद्रव्यांचा अभ्यास झाला, तेव्हा वेगवेगळ्या भागांतल्या हापूसमध्ये या द्रव्यांचं प्रमाण वेगवेगळं निघालं. काडी एकच, माती आणि हवा वेगळी, वास वेगळा. गीरच्या केसरला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि पुढे मराठवाड्याच्या केसरलाही स्वतंत्र मिळालं. एकाच झाडाच्या लेकरांना दोन गावांची नावं लागण्यात विसंगती वाटत असेल, तर ती या मुद्द्यापाशी सुटते.

मात्र वास झाडावर पूर्ण होत नाही, आढीत होतो. पाड लागला की आंबे देठासकट झेल्याने उतरवायचे, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, मग गवताच्या थरावर आंब्याचा थर, पुन्हा गवत, वर पोतं. आमच्याकडे आढीच्या खोलीत लहान मुलांना मज्जाव होता आणि त्यामुळेच आम्ही तिथे सापडत असू. आखितीला पितरांना रस दाखवल्याशिवाय घरात कोणी आंबा खायचं नाही. तोवर फक्त वास घ्यायची मुभा. कॅल्शियम कार्बाइडने हे सगळं मोडीत काढलं. त्याच्या गॅसने साल दोन दिवसांत पिवळी होते, पण आत वास तयार व्हायला वेळच मिळत नाही. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे. इथिलीन गॅसला, दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी आहे आणि नीट चालवलेल्या रायपनिंग चेंबरमधला आंबा आढीच्या बराच जवळ जातो. जवळ, एवढंच म्हणतो. बारा-तेरा अंशांच्या खाली शीतगृहात ठेवलेला आंबा तर दिसायला टवटवीत राहतो आणि वासाला मुका होतो.

जगाच्या बाजाराने या मुकेपणालाच पसंती दिली, हे सांगायला हवं. मुळगोबा ही आपल्याकडची जात १८८९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली. तिच्या कोयीतून हेडन नावाचा तांबडा आंबा निघाला, १९१० मध्ये त्याला पहिली फळं आली, आणि त्याच कुळातून पुढे टॉमी अॅटकिन्स आला: देखणा, कडक, आठवडेच्या आठवडे टिकणारा, युरोप-अमेरिकेच्या दुकानांचा लाडका. चवीचं आणि वासाचं त्याच्या कट्टर चाहत्यांनीही फार कौतुक केल्याचं मी वाचलेलं नाही. भारतीय आंब्याला अमेरिकेचं दार २००७ मध्ये पुन्हा उघडलं, लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात विकिरण करून घेण्याच्या अटीवर. सुरुवातीच्या मानकऱ्यांत हापूसबरोबर केसर होता. आता जालन्यात पणन मंडळाचं केसरसाठी निर्यात सुविधा केंद्र आहे. केसर तिकडे खपतो तो रंगामुळे नाही. खोका उघडल्यावर परदेशातल्या मराठी घरात जे होतं, त्यामुळे खपतो.

या क्षेत्रात आज तीन घराणी आहेत, गाण्यातल्यासारखीच एकमेकांना नाकं मुरडणारी. पहिलं घन लागवडीचं. जुन्या पद्धतीत दहा बाय दहा मीटरवर झाड, एकरी चाळीस. घन लागवडवाले १४ बाय ५ फुटांवर लावतात, एकरी सहाशेच्या वर. फळं उतरवली की छाटणी, झाड माणसाच्या हाताच्या उंचीत, ठिबकने पाणी आणि खत. आमराईत झोपाळा बांधण्याची स्वप्नं पाहणाऱ्यांना ही झाडं झुडपं वाटतात. पण तीन एकरांच्या शेतकऱ्याने नातवाच्या सावलीसाठी नव्हे, मुलीच्या फीसाठी बाग लावलेली असते. दुसरं घराणं संकरवाल्यांचं: दापोलीची रत्ना आणि पातळ कोयीची सिंधू, दिल्लीची आम्रपाली. या घराण्याचा मराठवाड्यात फारसा जम बसला नाही. तिसरं जतनवाल्यांचं. ही मंडळी बांधाबांधावर जाऊन रायवळ झाडांची टिपणं काढतात, काड्या आणून वाचवतात, आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणांची नोंद करण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग करू पाहतात.

लेखक उघड उघड तिसऱ्या घराण्याचे आहेत. माझा त्यांच्याशी एक वाद आहे आणि तो इथे मांडायची त्यांनी मोकळीक दिली आहे. त्यांच्या लिखाणात जागोजागी असा सूर लागतो की केसरने रायवळाला खाल्लं. मला हे पटत नाही. रायवळाला खाल्लं ते वाटण्यांनी: भावाभावांत बांध पडला की बांधावरचं झाड कोणाचं, या भांडणाचा निकाल करवतीने लागतो. रस्ते रुंद झाले तेव्हा दुतर्फा आंबे गेले. वीटभट्टीला आणि फळीच्या खोक्यांना लाकूड लागलं. लग्न निघालं की एक झाड विकलं जाई. आमच्या शेप्याचं असंच झालं, आणि त्या वेळी परिसरात केसरचं एकही रोप नव्हतं. शिवाय रायवळाचं फळ शेकड्याने विकून वाहतुकीचा खर्चही निघेना. या सगळ्याचा दोष जुनागडच्या पाहुण्यावर ढकलणं सोयीचं आहे, एवढंच.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केसरचं प्रत्येक झाड कंबरेपासून वर केसर आहे; खाली जमिनीत ते रायवळ आहे. कलम बांधायला खुंट लागतो आणि खुंट गावरान कोयीचा असतो. कोरड्या मुलखात तर शहाणा शेतकरी कोय थेट शेतातल्या खड्ड्यात लावतो, सोटमूळ अडथळ्याविना खोल जाऊ देतो आणि मग जागेवर कलम बांधतो. दुष्काळात जे झाड तगतं ते त्या मुळाच्या जिवावर. केसरचा वास आपण घेतो, पण पाणी शोधणारे पाय कोणत्या तरी आंबट्याचे, कोणत्या तरी शेप्याचे आहेत. रायवळ संपला तर रोपवाटिकांना कोयी कुठून मिळणार? रस काढणाऱ्या कारखान्यांच्या ढिगातून मिळतील, पण मग वर एक जात आणि खालीही दोन-तीनच जातींची लेकरं. या मातीत उन्हाळे सोसून निवडून निघालेली मुळं ती नव्हेत.

म्हणूनच हे पुस्तक आत्ता येतंय ते वेळेवर येतंय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यातला कोणीही बागायतदार विसरलेला नाही. कैऱ्यांचा सडा पडला होता. मोहोर कधी लवकर, कधी दोनदा, कधी अवकाळीत काळा पडलेला. एकाच झाडाच्या लाखो प्रती एकाच वेळी फुलतात आणि एकाच रात्रीत मार खातात. रायवळांच्या राईत प्रत्येकाचं पंचांग वेगळं: एक लवकर, एक उशिरा, एक मृगाच्या तोंडावर. जुन्या माणसाने हे विमा म्हणून केलं नव्हतं; झालं ते आपोआप झालं. पण उपयोग विम्याचाच होत होता.

पुस्तकाचा आवाका लेखकांनी मुद्दाम आखडता ठेवला आहे, हे मला आवडलं. भारतभरच्या आंब्यांचा ज्ञानकोश त्यांनी केलेला नाही. मराठवाड्यातली झाडं, त्यांची नावं, नावांमागची कारणं आणि ती सांगणारी माणसं, एवढ्यावर लक्ष आहे. त्याच्या जोडीने केसरची बाग कशी उभी राहते, कुठे चुकते, आढी कशी घालावी, काडी कधी निवडावी हे हाताने केलेल्या माणसाच्या भाषेत आहे. वासाचं वर्णन करायला मराठीत शब्द अपुरे पडतात, असं त्यांनी एके ठिकाणी म्हटलं आहे. मला उलट वाटतं. ज्या भाषेने एका झाडाला शेप्या म्हटलं तिला शब्दांची वाण नाही. पुस्तकभर विखुरलेली गावोगावची नावं वाचताना वाचकालाही तेच जाणवेल. काही ठिकाणी लेखक हळवे होतात, काही ठिकाणी रागावतात. संपादकाने ते काढलं असतं, मी ठेवायला सांगितलं.

हस्तलिखित परत करायला मी जूनच्या अखेरीस गेलो. त्यांच्या अंगणात कोपऱ्यात कोयींचा ढीग होता, पहिल्या पावसाने फुटलेला. तांबूस, मऊ, लोंबत्या पानांची रोपं वर आली होती. कोय कलमासाठी रोप पंधरा-वीस दिवसांचं, याच तांबूस अवस्थेतलं लागतं. पाचर मारून वर केसरची काडी बसवायची आणि पट्टीने बांधायची. लहानपणी आम्हीही नेमकी हीच कोय उकिरड्यावरून उपटायचो, आतला गर दगडावर घासायचो आणि पिपाणी करून वाजवायचो. त्यांनी एक कोय माझ्या हातात दिली. अंगणाच्या फरशीवर घासून मी फुंकर मारली. पहिल्यांदा नुसती हवा गेली, दुसऱ्यांदा वाजली.